पहिल्या उड्डाणाची चिठ्ठी

३ मार्च

पोहोचले. दोन बॅगा, एक छत्री आणि मोडक्या दांड्याचा कुकर, एवढाच संसार. सामान लावायला अर्धा तासही लागला नाही. स्टॉपवर मेहुणे घ्यायला आले होते. धाकटीनेही यायचा हट्ट धरला होता म्हणे, पण तिला सातवा महिना, त्यात डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलेलं, तेव्हा तिला कशीबशी घरी बसवून ते एकटेच आले. वाटेत त्यांनी चारदा सांगितलं, की ताई, तुम्ही आलात ते फार बरं झालं. मी चारही वेळा हसले.

घर छान आहे. डोंगरातल्या या थंड गावात कृषी केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी बांधलेल्या ओळीतलं शेवटचं. खाली ती दोघं, वर माझी खोली. खोलीला मोठी खिडकी, खिडकीखाली बटाट्याचे आणि वाटाण्याचे वाफे, आणि वाफ्यांच्या पलीकडे तो किडे पकडायचा सापळा. चार मजली घराएवढी उंच पांढरी नळी, आकाशाकडे आ वासून उभी. खोलीत टेबल आहे, दिवा आहे, आणि कपाट रिकामं आहे. छत्तिसाव्या वर्षी मला पहिल्यांदा असं कपाट मिळालं, ज्यात आधीच दुसऱ्या कुणाचे कपडे नाहीत.

धाकटीने दारातच मिठी मारली. पोट मध्ये आलं आणि मिठी काही जमेना, तशा आम्ही दोघी हसत सुटलो. ही वही तिनेच दिली. म्हणाली, ताई, तुला आधीपासून लिहायची हौस, आणि इथे संध्याकाळी करण्यासारखं काही नाही, तर लिहीत जा. म्हणून लिहितेय. ती सुंदर दिसते आहे. बाळंतपण जवळ आलं की सगळ्याच बायका दिसतात म्हणतात तशी नव्हे, खरोखरच. हे लिहायची काही गरज नव्हती.

५ मार्च

आज रुजू झाले. काम माव्याचं. झाडाच्या कोवळ्या शेंड्यांवर बसून रस पिणारे ते टाचणीच्या डोक्याएवढे किडे, तेच. थंडी संपली की त्यांच्यात पंख असलेली पिढी जन्माला येते आणि हवेवर स्वार होऊन झाडांवरून शेतात उतरते. कधी उतरेल, किती उतरेल, कुठल्या जातीची असेल, हे आधी ओळखून शेतकऱ्यांना पत्रकातून कळवायचं, हे या केंद्राचं काम. सापळ्याच्या तळाशी मोठा पंखा आहे. तो वरची हवा खाली ओढतो आणि हवेतले किडे स्पिरिटच्या बाटलीत पडतात. रोज दुपारी बाराला बाटली बदलायची, ताटलीत ओतायची, मायक्रोस्कोपखाली मोजायची. धाकटी हे सात वर्षं करते आहे. तिचं बाळंतपण होईपर्यंत मी बदली.

साहेब माणूस चांगला. चष्मा कपाळावर आणि शोध टेबलभर. पहिला धडा त्यांनी असा दिला, की बाटलीवरची चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहायची. शाई स्पिरिटमध्ये धुऊन जाते आणि मग आतला माल कुठल्या वर्षाचा, कुठल्या दिवसाचा, देवालाही सांगता येत नाही. अशा बाटल्यांना इथे अनाथ म्हणतात. दुसरा धडा: त्यांनी धाकटीच्या नोंदवह्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाले, असं काम पाहिजे. सात वह्या. मोत्यासारखं अक्षर, एक खाडाखोड नाही.

पंख्याची देखभाल करणारे म्हातारे मिस्त्री आहेत. माणसांपेक्षा पंख्याशी जास्त बोलतात. मला वरपासून खालपर्यंत पाहून त्यांनी विचारलं, की तुम्ही थोरल्या का? मी हो म्हटलं. तर म्हणाले, धाकट्या बाईंचा हात पंखा बरोबर ओळखतो, तुमचा ओळखायला वेळ लागेल. घ्या! आता पंख्याच्याही मर्जीत यायचं आहे.

८ मार्च

इथे एक गंमत चालते. मोसमाच्या आधी प्रत्येकाने पहिल्या उड्डाणाची तारीख चिठ्ठीवर लिहून एका रिकाम्या बाटलीत टाकायची. सापळ्यात पहिला पंखवाला मावा सापडला, की ज्याची चिठ्ठी त्या तारखेच्या सर्वांत जवळ, त्याला वर्षभर खिडकीजवळची खुर्ची. बाकीच्यांनी ट्यूबलाइटखाली डोळे फोडायचे. ही खुर्ची गेली सहा वर्षं धाकटीकडे आहे. सहाच्या सहा वेळा तारीख बरोबर, एक दिवसाचाही फरक नाही. मी विचारलं, कसं काय? तर म्हणाली, काय माहीत गं, अंगातच कळतं. अंगातच! लोक अभ्यास करून मरतात आणि हिला अंगातच कळतं.

तिने पडल्या पडल्या चिठ्ठी पाठवली. नऊ एप्रिल. साहेबांनी पंधरा लिहिली, मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे कोरी टाकली. मी पुष्कळ विचार करून दोन एप्रिल लिहिली.

चिठ्ठ्या झाल्यावर साहेबांनी मला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली. पुढच्या वर्षापासून मोजणीला एकच माणूस ठेवायचं वरून ठरलं आहे. बदली वगैरे काही नाही, एकच कायमची जागा. ती कुणाला, हे मोसमाचं काम बघून ते कळवणार आहेत. आजवर दुकानात, वाचनालयात, शाळेच्या प्रयोगशाळेत, जिथे गेले तिथे मी कुणाच्या तरी जागी होते. कुणीतरी परत आलं, की मी बाहेर. ही जागा मला हवी आहे. हे इथे सरळ लिहून ठेवते, म्हणजे पुढे स्वतःशी खोटं बोलायला नको.

२३ मार्च

हात बसला. आता डोळा लावल्याबरोबर कळतं, हा मच्छर, हे फूलकिडे, हा नुसता कचरा. मावा अजून नाही. साहेब म्हणाले, छान प्रगती आहे, बहिणीच्या वळणावर जाताय. मी थोरली. मी तिच्या वळणावर!

आज तिच्याजवळ बसून माव्याबद्दल ऐकलं. ती सांगत होती, की यांच्यात उन्हाळाभर नर लागतच नाही. आईच्या पोटात लेक, लेकीच्या पोटात आधीच नात, सगळ्या हुबेहूब एकसारख्या. आणि झाडावर दाटी झाली, की आई पंखवाल्या लेकी जन्माला घालते. म्हणजे त्यांनी उठावं आणि दुसरीकडे जावं. बिनपंखाच्या तिथेच राहतात, मजेत. हे ती इतकं सहज सांगून गेली. तिच्या लक्षातही आलं नाही. ती झाली तेव्हा घर लहान पडतं म्हणून मला मावशीकडे ठेवलं होतं, पाच वर्षं. आई म्हणायची, तू समजूतदार आहेस. समजूतदार म्हणजे जिला हलवलं तरी आवाज होत नाही ती.

परत आले तेव्हा ती पाच वर्षांची आणि मी अकराची. तिच्या कानांत आईची डुलं होती. मी खेळता खेळता डावं डूल ओढलं. खेळता खेळता असं सगळ्यांना सांगितलं होतं. कानाची पाळी मधोमध फाटली, अजून तशीच आहे, दोन टोकांची. ती त्यावर केस सोडते. आजवर तिने कुणालाही खरं सांगितलेलं नाही. त्याचाच मला जास्त राग येतो.

२ एप्रिल

माझी तारीख. सकाळपासून गार, ढगाळ, मधूनमधून पाऊस. बाटलीत सात मच्छर आणि एक कोळी. दुपारी साहेब बैठकीला गेले, मिस्त्री जेवायला.

मी अनाथ बाटल्यांचं कपाट उघडलं. अगदी मागे एक होती, झाकणावर धूळ, आतली चिठ्ठी पांढरी फटक. तळाशी पंखवाले मावे. चिमट्याने तीन उचलले आणि आजच्या ताटलीत सोडले. घाईत चिमटा जोरात दाबला गेला आणि एकीची डोक्यावरची डावी मिशी तिसऱ्या सांध्यावर तुटली. बस्स, एवढंच. तीन मेलेल्या किड्यांनी कुणाचं काय बिघडतं?

साहेबांनी चष्मा खाली ओढून पाहिलं आणि हात पुढे केला. सात वर्षांत पहिल्यांदा खुर्ची हलली, म्हणाले. त्यांनी लगेच पत्रकही काढलं, की उड्डाण सुरू झालं आहे, फवारणीची तयारी ठेवा. धाकटीला सांगायला मी केंद्राचा जिना दोन दोन पायऱ्या उतरत घरी गेले, म्हणजे खरं तर पळतच. ती मनापासून हसली, माझा गाल ओढला. मग म्हणाली, आज तापमान किती होतं गं? मी म्हटलं, अकरा. तिने उशी सारखी केली आणि पाणी मागितलं.

तेरा अंशांच्या खाली मावा उडत नाही. हे तिनेच मला शिकवलं होतं.

३ एप्रिल

तिने साहेबांना काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. कानाचं सांगितलं नव्हतं तसंच.

आजही गार. दहा अंश, भुरभुर पाऊस. बाटलीत तीन मावे होते. मी घातले नव्हते. मी तिघींना आडवं करून पाहिलं. तिघींची डावी मिशी तिसऱ्या सांध्यावर तुटलेली.

काल ताटली नीट धुतली नसेन. पण काल मोडली होती एकीचीच.

६ एप्रिल

नऊ. नवांचीही डावी मिशी, तोच सांधा. चिमट्याने तुटलेली मिशी पोरींना मिळत नाही. माणसाचा पाय मोडला म्हणून मूल लंगडं जन्मत नाही. एवढं कुणालाही कळतं.

मिस्त्रींना विचारलं, की पंख्याच्या पात्यात अडकून असं होतं का? ते म्हणाले, पातं काय माप घेऊन कापतं का? आणि पंख्याला थोपटत बसले.

मी त्या नऊ बाजूला काढल्या. नोंद केली: मावा नाही.

९ एप्रिल

तिची तारीख. ऊन पडलं, वारा पडला, एकोणीस अंश. सकाळी दहाच्या सुमाराला वाफ्यांवर हवा नुसती चमचमत होती. बाटलीत एकतीस मावे, चांगले, धडधाकट, दोन्ही मिशा शाबूत. खरं पहिलं उड्डाण आजच झालं. सातव्यांदा बरोबर आणि तेही अंथरुणात पडून. माझा असा तिळपापड झाला, की मी ताटली उचलून फरशीवर आपटणार होते.

त्यांच्याशिवाय तुटक्या मिशीच्या सत्तावीस होत्या. तीन, नऊ, सत्तावीस. त्या मी काढून घेतल्या आणि बाकीच्यांची नोंद केली. संध्याकाळी साहेब जरा चिंतेत होते. पत्रकावर विसंबून लोकांनी आठवडाभर आधीच फवारलं, ते फुकट गेलं, आता पुन्हा फवारायला लागेल. फोनवर फोन येत होते. ते मला मात्र काही बोलले नाहीत. म्हणाले, निसर्गाचं असंच असतं.

खिडकीजवळची खुर्ची काही एवढी खास नाही. दुपारी मानेवर ऊन येतं.

१५ एप्रिल

मानेला खाज. आरशाला आरसा लावून पाहिलं. केसांच्या खाली बारीक लाल ठिपके, एका ओळीत, सुईने टोचल्यासारखे. उन्हाने उठलं असेल.

बाटलीत आता त्या येईनाशा झाल्या. परवापासून एकही नाही. मी सुटले असं वाटून आज गुणगुणत घरी आले. खोलीची खिडकी उघडी राहिली होती. उशीवर चिकट डाग होता, साखरेचं पाणी सांडल्यासारखा, आणि डागाला मुंग्या लागल्या होत्या. मी खोलीत काही खात नाही.

मावा रस प्यायला की मागे असाच चिकटा सोडतो. त्याच्या वासाने मुंग्या येतात. अभ्रा धुवायला टाकला. धाकटीने खालून विचारलं, की ताई, भर दुपारी काय धुतेस?

२२ एप्रिल

मुलगी झाली. तीन आठवडे आधीच, पण सुखरूप. मेहुणे दवाखान्यात रडले. मीही बाळाला घेतलं. इतकं हलकं, की हातात काही आहे असं वाटेना. आत काहीतरी हललं माझ्या, आणि त्याच क्षणी मनात आलं, की हेही तिलाच.

मग दुपटं सरकलं. बाळाच्या डाव्या कानाची पाळी मधोमध दुभंगलेली. दोन टोकं. तशीच. तेवढीच.

डॉक्टर म्हणाले, अशी पुष्कळ मुलं जन्मतात, मोठेपणी टाका घालता येतो. मेहुण्यांनी हसून म्हटलं, आईवर गेली आहे! धाकटीने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मी उभी राहू शकले असते. तिने पुढे होऊन माझा हात धरला.

पंचवीस वर्षं होत आली. मी एकदाच ओढलं होतं.

२९ एप्रिल

त्यांना बरोबर वेळ कळते. सकाळी दहा आणि दुपारी चार. ऊन असलं आणि वारा नसला, की येतात. आज सुट्टी म्हणून खोलीतच होते, तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. आधी खिडकीच्या चौकटीत हवा चमचमल्यासारखी झाली, मग मानेवर काहीतरी बसलं. एवढं हलकं, की बसल्यावरच कळावं. मग दुसरं.

एक बोटावर घेतली आणि भिंगाखाली धरली. डावी मिशी तुटलेली. मला चिरडता आली नाही. परत मानेवर ठेवली. का ठेवली?

४ मे

साहेबांनी पत्र दिलं. कायमची जागा माझी. माझं नाव टाइप केलेलं, खाली शिक्का. मी ते चार वेळा वाचलं. मग त्यांनी सहज, अगदी सहज सांगितलं, की तुमच्या बहिणीने स्वतःहून राजीनामा पाठवला, म्हणाली बाळात गुंतले आहे आणि ताईचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, तिलाच ठेवा.

म्हणजे दिली. मी जिंकलेली नाही. तिने जेवून उठताना ताट पुढे सरकवलं. खाली जाऊन मी तिला वाटेल ते बोलले. तुझं उरलंसुरलं पांघरून आयुष्य काढू का, म्हटलं. आणि बोलता बोलता तोंडातून गेलं, की ते तीन मावे मीच घातले होते. ती बाळाला पाजत होती. म्हणाली, मला माहीत होतं, ताई. एवढंच. बाळ दचकलं म्हणून माझ्याकडे पाठ केली.

सगळं माहीत असून गप्प राहायचं, आणि वर चांगलं ठरायचं. हे कुठे शिकते ती?

९ मे

कामावर गेले नाही. चक्कर येते. पाय जड. धाकटी म्हणाली, ताई, तू पिवळी दिसतेस.

पिवळा रंग दिसला की मावा उतरतो. वाफ्यांत म्हणूनच पिवळ्या ताटल्या ठेवतात.

मानेवरून पाठीपर्यंत गेल्या आहेत. डोकं खाली, ओळीने. आरशात बघायचं बंद केलं. दुखत नाही, हेच वाईट. दुखलं असतं तर ओरडले असते. नुसतं काहीतरी कमी होत जातं.

१२ मे

आज भीती वाटली, खरी. बोटांची टोकं आत वळायला लागलीत. माव्याने भरलेलं पान वळतं तशी. पेन धरलं तर ठीक राहतात. म्हणून लिहिते —

पळून जायचं ठरवलं. बॅगा भरल्या. दोनच तर आहेत. जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसले ती उठताच येईना. मेहुण्यांनी उचलून वर आणलं. डॉक्टर तपासून गेले. रक्त कमी आहे म्हणाले. मान पाहिलीच नाही त्यांनी. मी केस सोडले होते.

१४ मे

धाकटीने पाहिलं.

केस विंचरायला बसली होती. कंगवा थांबला. मग खाली गेली आणि साबणाचं पाणी घेऊन आली. माव्यावर तेच मारतात. ओलं फडकं मानेवर ठेवलं, आणि मला — मला कळलं. एकेक सुटत होती. एकेकीची सोंड आतून निघताना कळत होती. मी ओरडले. फडकं हिसकावलं, बादली लाथेने पालथी केली. ती ओल्या हातांनी उभी. रडत होती. म्हणाली, ताई, अगं या तुला खातायत.

खात असतील. तिला काय? सगळं आहे तिच्याकडे. माझ्यावर बसलेलं तेवढंच बरं तिला दिसलं.

दार लावून घेतलं.

१६ मे

एकदा बसल्या की त्यांच्या पंखांची ताकद आपोआप विरते. तिनेच सांगितलं होतं. मग जाऊ म्हटलं तरी जाता येत नाही —

म्हणजे या जाणार नाहीत. कुणीच माझ्याकडे इतकं —

पिल्लं घालतायत. चालताना कळतं. पाय इतके बारीक, की आपणच शहारतोय असं वाटतं. भीती वाटते. वाटतेच. पण खिडकी लावली तर उरलेल्या बाहेर राहतील.

१७ मे, सकाळ

दहा वाजले. ऊन. वारा नाही. चादरभर मुंग्या.

धाकटी दाराशी. कधीची वाजवते आहे. म्हणते, ताई उघड, काय हवं ते घे, घर घे, बाळाला घे मांडीवर, पण उघड. अजूनही देतेच आहे. मिस्त्रींना पहार घेऊन बोलावलंय म्हणे.

कपाट सरकवलं दाराकडे. अर्ध्यावर राहिलं. पुढे जोर नाही —

आल्या. यावेळी खूप. खिडकी भरून. ऊन दिसेना. डोळ्यांच्या कडेला, ओठांवर —

खाली तिची खिडकी उघडी आहे. बाळ तिथेच पाळण्यात. मी वाकून पाहिलं होतं, तिथूनच वर आल्या. तिथे एकही थांबली नाही. एकही नाही.

दार हलतंय. आत आली की हात लावेल. ते पाणी आणेल. या माझ्या आहेत. सांगा कुणीतरी तिला, या —

हातावरही आता. अक्षर दिसत ना — आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला ओलांडून माझ्या